तृतीयपंथीयांचे समांतर आरक्षण : ग्रेस बानू यांची मागणी आपण का समजून घ्यावी?

2011 च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला ‘इतर’ असा पर्याय होता. देशभरात 4,87,803 जणांची नोंद त्यात झाली. त्यांपैकी 78,811 अनुसूचित जातींचे होते. तृतीयपंथी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिग्नल आणि टाळी येते. त्यात आपल्याच वस्त्यांतून बाहेर पडलेली माणसे आहेत, हे आपण फारसे बोलत नाही. आम्हीही हे उशिराच लिहीत आहोत.

या लढ्याची मुळे शोधायला 1871 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीचा गुन्हेगार जमाती कायदा म्हटले की आपल्याला पारधी, कैकाडी समाजाचे हाल आठवतात. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. त्यांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढवली जात. नोंद झालेल्याने बायकी कपडे घालून रस्त्यावर दिसायचे नाही, नाचायचे नाही, दत्तक घ्यायचे नाही, मृत्युपत्र करायचे नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. निजामाच्या राज्यातही 1919 मध्ये असाच कायदा आला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तेलंगणात तो कागदावर इतका काळ टिकला की 2023 मध्ये उच्च न्यायालयाला रद्द करावा लागला.

नंतरची नावे वाचकांना माहीत आहेत. शबनम मौसी 1998 मध्ये मध्य प्रदेशात आमदार झाल्या. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी आणि मुंबईच्या गौरी सावंत यांनी हा प्रश्न न्यायालयात आणि टीव्हीवर नेला. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ निकालात तृतीय लिंगाला मान्यता दिली, आणि स्वतःचे लिंग ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच, असे सांगितले. राज्यघटनेची कलमे 14, 15, 16, 19 आणि 21 हा त्या निकालाचा पाया आहे. म्हणजे ही लढाई बाबासाहेबांच्या संविधानावरच लढली गेली.

मात्र याच निकालातील एका निर्देशातून गुंता झाला. तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून आरक्षण द्यावे, असे न्यायालयाने म्हटले. ते कसे द्यायचे? तामिळनाडूने 2015 मध्ये त्यांना अतिमागास वर्गाच्या यादीत घातले. आता अनुसूचित जातीची तृतीयपंथी व्यक्ती त्या यादीत गेली, तर जातीचे आरक्षण सुटते. जातीत राहिली, तर तृतीयपंथी म्हणून काहीच मिळत नाही.

हे नेमके पकडले ते ग्रेस बानू यांनी. तुतिकोरीन जिल्ह्यातल्या, दलित समाजातल्या. तामिळनाडूत अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळवणाऱ्या त्या पहिल्या तृतीयपंथी. त्यांची मागणी समांतर आरक्षणाची आहे. महिला आणि दिव्यांगांना मिळते तसेच : खुला, ओबीसी, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती अशा प्रत्येक प्रवर्गात तृतीयपंथीयांसाठी थोड्या जागा. जात तशीच राहते, लिंगाची ओळखही राहते, आणि इतर कोणाच्या प्रवर्गात घुसावे लागत नाही.

आम्हाला यात आपलाच इतिहास दिसतो. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपल्यालाही हेच सांगितले गेले होते : बौद्ध म्हणवून घ्या किंवा अनुसूचित जातीच्या सवलती घ्या, दोन्ही नाही. जणू दीक्षाभूमीवरून परतताना गावाने अस्पृश्यता विसरून टाकली होती! केंद्राच्या सवलती मिळायला 1990 उजाडावे लागले. चौतीस वर्षांत किती जणांनी मनाने बौद्ध आणि कागदावर हिंदू राहून शिक्षण घेतले, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. साडी नेसली म्हणून एखाद्याची जात गळून पडत नाही, हे आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकरभरतीत प्रत्येक प्रवर्गात 1 टक्का समांतर आरक्षण दिले. 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही लिंगओळखीला जातीसारखे वागवणे चूक ठरवले. महाराष्ट्रात डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने खडसावल्यावर पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय आला. पुढच्याच वर्षी सरकारने त्याच न्यायालयात सांगितले, की जास्तीचे आरक्षण देणे अवघड आहे. समांतर आरक्षण म्हणजे जास्तीच्या जागा नव्हेत, आहेत त्या जागांचीच आतली विभागणी आहे. हा फरक सरकारी वकिलांना कळत नसेल, असे आम्हाला वाटत नाही.

‘कुरूप’ या कवितासंग्रहाच्या कवयित्री दिशा पिंकी शेख 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, तेव्हा आपल्या चळवळीने एक दार उघडले. पण समांतर आरक्षणाची मागणी आपल्या किती मोर्चांच्या निवेदनात असते? येत्या 14 एप्रिलच्या कार्यक्रमांची आखणी करणाऱ्या मंडळांनी ते एक कलम निवेदनात घालावे, एवढे आम्ही सुचवतो.