नजर ठरवणारा झुपका

पुस्तक स्थिर धरून मान झपाझप डावीउजवीकडे हलवली तरी अक्षरे स्पष्ट वाचता येतात, पण मान स्थिर ठेवून पुस्तक तितक्याच वेगाने हलवले की ओळी पुसट होतात. डोके वळताच आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव मागे रेंगाळतो, त्याची वर्दी मेंदूच्या देठाला पोहोचते आणि सुमारे 10 मिलिसेकंदांत डोळे तेवढेच उलट वळतात. हलत्या पुस्तकामागे मात्र त्यांना पाहून धावावे लागते.

हा मेळ अचूक राखतो तो फ्लॉक्युलस, म्हणजे अनुमस्तिष्काच्या (लहान मेंदूच्या) तळाशी दोन्ही अंगांना असलेला इवलासा भाग. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ लोकरीचा झुपका. नव्या चष्म्यातून सुरुवातीला जग सरकल्यासारखे भासते, तेव्हा तराजूचा पासंग काढावा तसे हा झुपका डोळ्यांच्या वळण्याचे प्रमाण हळूहळू बदलतो, ही खरोखर थक्क करणारी कारागिरी आहे. तो निकामी झाला तर नजर ठरत नाही. डोळे वर तरंगतात आणि झटक्याने खाली येतात.

अचानक भोवळ येऊन आधाराशिवाय उभे राहता येत नसेल किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर तो लहान मेंदूचा पक्षाघात असू शकतो. पित्त समजून घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे.