भट्टीचा सांधा का उकलतो?

घोटीची पेठ भातासाठी प्रसिद्ध आहे. इगतपुरी तालुक्यात पाऊस भरपूर व भात हे मुख्य पीक; त्यामुळे येथे भात गिरण्याही उभ्या राहिल्या. भात उकडणे, पोहे-चुरमुरे भाजणे अशा कामांत लोखंडी भट्टीला स्टेनलेस स्टीलचे भांडे वेल्डिंगने जोडले की काम स्वच्छ होते. परंतु ऐन सुगीत तोच सांधा उकलला, तर काम अडते, माल बिघडतो आणि माणूस भाजण्याचीही भीती असते.

दोष नेहमी कारागिराच्या हाताचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो धातूंच्या स्वभावात असतो. एक मीटर लांबीची साधी पोलादी पट्टी ३०० अंश सेल्सियसने अधिक तापविली, तर सुमारे ३.६ मिलिमीटर वाढते. ३०४ जातीची स्टेनलेस पट्टी सुमारे ५.१ मिलिमीटर वाढते. हा दीड मिलिमीटरचा फरक सांध्यास सोसावा लागतो. भट्टी रोज दोनदा तापून निवली, तर शंभर दिवसांत ही ओढाताण दोनशे वेळा होते. तार पुन्हा पुन्हा वाकविली की तुटते. त्याचप्रमाणे सांध्याच्या कडेस, बहुधा साध्या पोलादाच्या बाजूस, चीर पडते. उष्णता दीर्घकाळ ५०० अंशांहून अधिक राहिल्यास पोलादातील कार्बन सांध्याकडे सरकतो व मागे दुबळा थर उरतो.

यावर उपाय आहेत. असा सांधा साध्या लोखंडी सळीने जोडू नये. तो ठिसूळ होतो. मध्यम उष्णतेस ३०९ जातीची सळी चालते. तीव्र व वारंवार उष्णतेस निकेलप्रधान सळी घ्यावी. ती महाग पडते, पण तिचे प्रसरण दोन्ही धातूंच्या मधले असते. त्याहून उत्तम म्हणजे सांधा ज्वालेपासून दूर ठेवावा, अथवा भांडे लांबट छिद्रांतून बोल्टने बसवावे, म्हणजे त्यास वाढण्यास वाव मिळतो.

हंगामापूर्वी थंड भट्टीच्या सांध्यास एका बाजूने खडूचा पातळ लेप द्यावा व दुसऱ्या बाजूने रॉकेल लावावे. आरपार चीर असल्यास लेपावर डाग उमटतो. तपासणीनंतर भांडे स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावे. चिरेवर नुसता थर चढवू नये. ती मुळापर्यंत घासून काढून मगच सांधावी.

दाबाखालील बॉयलरला मात्र गावच्या कारागिराने हात लावू नये. त्याची दुरुस्ती कायद्यानुसार परवानगीने व प्रमाणित वेल्डरकडूनच व्हावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढे भट्टीमालकांस समजावले, तरी पुष्कळ हानी टळेल.