सातव्या स्ट्रिपला सापडलं!

आबा आयसीयूतून घरी आले तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नऊ दिवस काढून, पैठण रोडचे धक्के आणि चितेगावचं ट्रॅफिक सोसून गाडी बिडकीनला दारात लागली. सोबत एक जाडजूड फाईल आणि गच्च भरलेली कॅरीबॅग. बॅगेत अकरा प्रकारच्या गोळ्या.

चौथ्या दिवशी पहाटे आबा न्हाणीकडे जाताना चक्कर येऊन पडले. कपाळाला चार टाके. अशक्तपणा आहे, होतं असं, असं सगळेच म्हणाले.

माझी शाळेतली मैत्रीण पुण्यात फार्म. डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सहज फोन केला. तिने अशक्तपणाबद्दल एक शब्दही न विचारता व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. "घरातल्या सगळ्या गोळ्या पलंगावर मांड. नव्या, जुन्या, कपाटातल्या, सगळ्या." मग प्रत्येक स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून बारीक अक्षरातलं नाव वाचायला लावलं. सातव्या स्ट्रिपला सापडलं. आबांची बीपीची जुनी गोळी आणि दवाखान्याने दिलेली नवी गोळी. रंग वेगळा, कंपनी वेगळी, नाव वेगळं. आतलं औषध मात्र एकच, टेल्मिसार्टन. आबा शिस्तीचे, त्यामुळे तीन दिवस दोन्ही वेळेवर घेत होते. जुनी बंद करा, असं फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गोळी बंद करायचं तिने स्वतः सांगितलं नाही हं. आधी बीपी मोजायला लावलं, मग त्याच डॉक्टरांना फोन करून दोन्ही नावं वाचून दाखवायला लावली. डॉक्टरांनी एक बंद केली. चक्कर थांबली.

या मैत्रिणीला गावात अजूनही विचारतात, "मग मेडिकल कुठं टाकणार?" आपल्याकडे फार्मसी म्हटलं की मेडिकलचं काउंटर, नाहीतर वाळूजची कंपनी. मलाही तेवढंच माहीत होतं. ती जे शिकतेय त्याला क्लिनिकल फार्मसी म्हणतात. या लोकांची जागा काउंटरमागे नाही, वॉर्डात आहे. डॉक्टर, नर्स यांच्यासोबत राउंडला जायचं आणि पेशंटच्या औषधांच्या यादीवर नजर ठेवायची.

आयसीयूत ही यादी छोटी नसते. एका माणसाला पंधरा-वीस औषधं चालू असतात आणि त्याचं शरीर दर काही तासांनी बदलत असतं. सकाळी किडनीचं काम मंदावलं तर मेरोपेनेमसारखं अँटिबायोटिक शरीरात साचायला लागतं, डोस कमी करावा लागतो. हे बहुतेकांच्या लक्षात असतं. दोन दिवसांनी किडनी सुधारली की तोच डोस पुन्हा वाढवायचा असतो, आणि हे विसरलं तर इन्फेक्शनला अर्धवटच औषध मिळत राहतं. किंवा नाकातल्या नळीतून औषध द्यायचंय म्हणून गोळी कुटली जाते. पण दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली एसआर गोळी कुटली, तर चोवीस तासांचा डोस एकदम पोटात जातो. मैत्रीण म्हणते की तिच्या दिवसातले निम्मे प्रश्न असलेच असतात. टीव्हीवरच्या मालिकेत दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

2021 चा उन्हाळा मात्र आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. कोरोनातून उठलेल्या लोकांना म्युकरमायकोसिस झाला आणि अँफोटेरिसिन-बी हे नाव घराघरात पोहोचलं. नातेवाईक एकेका इंजेक्शनसाठी वणवण करत होते. पण इंजेक्शन मिळालं म्हणजे काम संपलं, असं नव्हतं. साधं अँफोटेरिसिन किलोमागे साधारण 1 मिलिग्रॅम देतात, लायपोसोमल प्रकार 5 मिलिग्रॅम किंवा जास्त. दोघांत गल्लत झाली तर जीव जाऊ शकतो. सलाईनमध्ये मिसळलं तर औषधाचा साका होतो, त्यासाठी 5 टक्के डेक्स्ट्रोजच लागतं. शिवाय किडनी आणि पोटॅशियम सतत तपासत राहायचं. रात्री तीन वाजता, एका नर्सकडे दहा पेशंट असताना, हे सगळं कुणाच्या डोक्यात राहणार?

यावर अमेरिकेतल्या बोस्टनचा एक जुना अभ्यास आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या आयसीयूत राउंडला फार्मासिस्ट सोबत घेतला गेला. औषध लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे पेशंटला होणारा टाळता येण्यासारखा त्रास दर हजार पेशंट-दिवसांमागे 10.4 वरून 3.5 वर आला. हे 1999 साली छापून आलं. मला जास्त आवडलेला आकडा दुसराच आहे. फार्मासिस्टने केलेल्या 366 सूचनांपैकी 362 डॉक्टरांनी मान्य केल्या. डॉक्टर ऐकत नाहीत, हा आपला समज तिथे तरी खोटा ठरला.

आपल्याकडे फार्म. डी. 2008 मध्ये सुरू झालं. बारावी सायन्सनंतर सहा वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष दवाखान्यात इंटर्नशिपचं. महाराष्ट्रात प्रवेश सीईटीवर, एका कॉलेजला जागा 30. कॉलेजला 300 खाटांच्या हॉस्पिटलची जोड लागते, त्यामुळे हा कोर्स मोठ्या शहरांकडेच सरकतो. नोकऱ्याही तिथल्याच मोठ्या खासगी हॉस्पिटलांत. खरं सांगायचं तर पगार सुरुवातीला कमी असतात आणि मैत्रिणीच्या वर्गातले बरेच जण परदेशाच्या नाहीतर क्लिनिकल रिसर्च कंपन्यांच्या तयारीत आहेत. सहा वर्षं शिकून हे ऐकवत नाही, पण तिने ते लपवलं नाही, मीही लपवत नाही.

इकडे ऑरिकचे रुंद रस्ते बिडकीनपर्यंत आले, कारखाने येतायत. आयसीयूसाठी मात्र अजून शहरच गाठावं लागतं. आणि तिथून पिशवी घेऊन परत आलेल्या माणसाच्या जुन्या-नव्या गोळ्या शेजारी ठेवून बघणारं गावात कुणी नसतं. सरकारी दवाखान्यातल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याचा दिवस खिडकीवरची रांग, साठा आणि नोंदवही यातच जातो. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार औषध देताना ते कसं घ्यायचं, त्रास काय होऊ शकतो, हे समजावणं फार्मासिस्टचं काम आहे. तुम्हाला मेडिकलमध्ये शेवटचं कुणी असं समजावलं होतं? मला तर नाही आठवत.

औषधाचा त्रास झाला तर कळवायला एक सरकारी हेल्पलाइन आहे, 1800-180-3024. डॉक्टरच नाही, पेशंट किंवा घरचेही कळवू शकतात. हे मला आबा पडल्यावर कळलं.

मैत्रिणीने आबांसाठी एका पानावर तक्ता करून पाठवला. गोळीचं खरं नाव, कशासाठी, कधी, आणि सगळ्यात खाली लाल पेनने 'बंद' असा रकाना. मी तो प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू आपली पिशवी घेऊन आल्या. नऊ स्ट्रिपा होत्या. मी मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला, तर ती राउंडवर होती. संध्याकाळी सहानंतर लाव म्हणाली.