पाषाणवाचन (9) : यूटाच्या वाळवंटात ट्रायलोबाइटच्या शोधात

ट्रायलोबाइटची शरीररचना आपण मागच्या लेखात पाहिली. आज ते जिथे मुबलक सापडतात तिथे जाऊ. अमेरिकेच्या यूटा राज्यात डेल्टा नावाचं लहान गाव आहे. तिथून पश्चिमेला सुमारे 80 किलोमीटरवर हाउस रेंज ही उघडीबोडकी डोंगररांग लागते. शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा, वाटेत पेट्रोलपंप नाही की पाणी नाही. त्यामुळे सकाळी लवकर, टाकी भरून आणि भरपूर पाणी घेऊन निघावं. सोबत हातोडी, पातळ धारेची छिन्नी, डोळ्यांवर चष्मा आणि जीवाश्म गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं असावीत.

इथला करडा खडक म्हणजे व्हीलर शेल, 50 कोटी वर्षांहून जुना समुद्रतळाचा चिखल. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता आणि त्यावर समुद्र होता. पुढे भूकवच ताणलं गेलं, प्रस्तरभंग झाले आणि समुद्रतळाचे थर डोंगर होऊन वर आले. पाऊस कमी, माती आणि झाडी विरळ, म्हणून ते थर आजही उघडे दिसतात.

शेल फोडताना सपाट पृष्ठावर घाव घालायचा नाही. लादी उभी धरायची, कडेला छिन्नी टेकवायची आणि हलके ठोके द्यायचे. जुन्या वहीची चिकटलेली पानं सुटावीत तसे थर अलग होतात. बऱ्याच लाद्या कोऱ्याच निघतात. मग एखादीत नखाएवढा काळा ट्रायलोबाइट दिसतो, धडाचे खंड मोजता येतील इतका स्पष्ट. हा बहुतेक वेळा एल्रेथिया किंगी असतो. फील्डिंग मीक यांनी 1870 मध्ये या जातीचं वर्णन केलं. त्याच्या कितीतरी आधीपासून हे प्राणी माणसाच्या हाती होते. इथल्या पाहवंट यूट लोकांनी त्यांना भोक पाडून ताईत केले होते.

एकच जात इतक्या संख्येने, आणि तीही अखंड का सापडते? रॉबर्ट गेन्स आणि मेरी ड्रोसर यांनी 2003 मध्ये याचं उत्तर मांडलं. या समुद्रतळाशी प्राणवायू अगदी तुटपुंजा होता. इतरांना न सोसणाऱ्या त्या काठावर एल्रेथिया तग धरून राहिला. चिखल उकरणारे प्राणी तिथे नव्हते, म्हणून त्याचं कवच विस्कटलं नाही. नंतर पोटाकडच्या बाजूला कॅल्साइटचे स्फटिक वाढले. त्याने जीवाश्म जाड झाला आणि खडकातून सुटा निघू लागला. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे गालांचे तुकडे नसतील, तर ती बहुधा टाकलेली कात असते. म्हणजे तो प्राणी तिथे मेला नव्हता; कात टाकून पुढे निघून गेला होता.

या भागात शुल्क घेऊन शेल फोडू देणारी खाण आहे. केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीवर अशा सर्रास आढळणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म स्वतःसाठी, माफक प्रमाणात, परवान्याशिवाय घेता येतात. विकता येत नाहीत. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे शाळकरी पोरालाही खरा जीवाश्म स्वतः शोधता येतो, आणि डोंगर व्यापाऱ्यांच्या घशात जात नाही.

आपल्या सह्याद्रीत ट्रायलोबाइट शोधून सापडणार नाही. दख्खनचा काळा पाषाण हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. ट्रायलोबाइट त्याच्या कितीतरी आधी, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. भारतात ते भेटतात स्पितीच्या पराहियो खोऱ्यात, म्हणजे पुन्हा वाळवंटातच, पण थंड.

कुठेही गेलात तरी एक सवय लावून घ्या. जीवाश्म गुंडाळण्याआधी जागा, थर, खडकाचा रंग आणि शेजारी काय सापडलं हे चिठ्ठीवर लिहून त्याला जोडा. कमी प्राणवायूची ही कथा एकट्या ट्रायलोबाइटवरून कळलेली नाही. तो ज्या थरात होता त्या थराने ती सांगितली. थराची नोंद हरवली, तर हातात नुसती शोभेची वस्तू उरते.

(पुढील लेखात : ट्रायलोबाइटचे कॅल्साइटचे डोळे)