कवेलूवरचा कोहळा

भाद्रपदातली सकाळ, ६ वाजलेत. रात्रभर कोसळून पाऊस आत्ता कुठे थांबलाय. सिंदेवाहीजवळच्या माझ्या आजोळी घरामागच्या सांदवाडीतून मामीची हाक येते, "टोपली आन, बाई."

उकंड्याच्या कडेला ज्येष्ठात टोचलेल्या दोन बिया. त्यांचा वेल न्हाणीच्या छपरावरून आता घराच्या कवेलूवर पसरलाय. आमच्याकडे कोहळा म्हणजे लाल भोपळा. पुण्याकडच्यांना पेठ्याचा पांढरा कोहळा आठवतो आणि गल्लत होते.

पिवळीजर्द फुलं टम्म उघडलीत. दहापर्यंत मिटतील, म्हणून घाई. मामी लांब, बारीक देठाची नर फुलंच खुडते. ज्या फुलाच्या बुडाशी हिरवी गोल गाठ आहे, त्याला ती शिवत नाही. नर फुलंही चार-पाच राखून ठेवते, माश्यांसाठी.

"ही गाठ केवढी झाली बघ!" मी बोट करते.

"बोट नोको दाखवू, सडते!"

कोहळ्याचे पराग चिकट, वाऱ्यानं उडत नाहीत, मधमाशीच लागते. झडीत माश्या फिरकल्या नाहीत की गाठ पिवळी पडून गळते, आणि दोष बोटावर जातो. हे मला ठाऊक आहे, तरी मी बोट मागे घेते. मामीलाही ठाऊक आहे. एका नर फुलाच्या पाकळ्या सोलून ती आतला पिवळा दांडा मादी फुलात हळूच फिरवते. बोटांच्या टोकांना हळदीसारखी पूड लागते. बचत गटाच्या बैठकीत शिकली म्हणते.

चुलीवर तेल तापलंय. तांदळाच्या पिठात ओवा, हिरवी मिरची, मीठ. एकेक फूल बुडवून सोडायचं. कडा कुरकुरीत, मधे मऊ, किंचित गोडसर. वेलाचे कोवळे शेंडे वेगळे काढलेत. देठांचे दोरे ओढून ते दुपारी लाखोळीच्या डाळीत जातील. आज लागलेलं फळ पिकायला दीडएक महिना. दिवाळीच्या सुमारास त्याचे गूळ घालून बोंडं. मला तर या फुलांपुढे बोंडंही नकोत.

मागच्या वर्षी वानरांनी एका दुपारात छप्पर उघडं केलं. अर्धे कोहळे खाल्ले, अर्धे फेकले, कवेलू फुटले ते वेगळेच. गावात कितीकांनी त्यापायी वेल लावणंच सोडलं. मामीनं नाही सोडलं.

ती शिडी लावते. आधी लागलेला एक कोहळा वर ओल्या कवेलूला टेकलाय. त्याच्याखाली सरकवायला ती तणसाची चुंबळ वळते, माझ्याकडे न बघता म्हणते, "शिडी धर घट्ट."

मी दोन्ही हातांनी धरते.