साडेचौतीस बायकांचा हिशेब

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने ६१२ मृत्यू नोंदले गेले. १९४७ साली ९,२८७. पंचवीस वर्षांत पंधरापट! याच काळात सिगारेटचा खप वाढत होता. पण रस्त्यांवर मोटारी आणि डांबरही वाढत होतेच. दोन गोष्टी जोडीने कमी-जास्त होतात, त्याला संख्याशास्त्रात सहसंबंध म्हणतात. वर्षागणिक चढत जाणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टींत तो भरघोस दिसतो. त्यावरून गुन्हेगार ठरवता येत नाही. रिचर्ड डॉल यांचा पहिला संशय तर डांबरावरच होता.

डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी मग लंडनच्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि त्याच वयोगटातले इतर आजारांचे रुग्ण यांना धूम्रपानाच्या सवयी विचारल्या. निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले. त्यातला स्त्रियांचा तक्ता छोटा आहे. कर्करोग झालेल्या ६० जणींपैकी ४१ धूम्रपान करणाऱ्या. इतर आजारांच्या ६० जणींपैकी २८.

हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असेल का? यासाठी कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली काय-वर्ग चाचणी मांडली होती. धूम्रपानाचा या रोगाशी काही संबंध नाही, असे आधी गृहीत धरायचे. मग एकूण ६९ धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया दोन्ही गटांत सारख्याच, म्हणजे साडेचौतीस-साडेचौतीस हव्यात. (अर्धी बाई कुठून आणायची, हे विचारू नये, ही अपेक्षित सरासरी आहे.) धूम्रपान न करणाऱ्या ५१ जणींची वाटणी साडेपंचवीस. प्रत्यक्ष आकडा अपेक्षेपासून चारही घरांत साडेसहाने ढळलेला. या फरकाचा वर्ग करायचा, त्या घराच्या अपेक्षित आकड्याने भागायचे आणि चारही उत्तरांची बेरीज करायची. ती येते ५.७६. अशा चार घरांच्या तक्त्यात बेरीज ३.८४च्या वर गेली, की संबंध नसताना इतका फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी. इथे ती शंभरात एक ते दोन होती. पुरुषांमध्ये ६४९ रुग्णांपैकी धूम्रपान न करणारे अवघे २, तर तुलनेच्या ६४९ जणांत २७. तिथे ही शक्यता कोटीत सहा-सातच भरली.

बातम्यांत नेहमी गफलत होते ती पुढे. काय-वर्गाचा आकडा मोठा म्हणजे संबंध घट्ट, असे नाही. हेच प्रमाण ठेवून ६० ऐवजी ६०० स्त्रिया घेतल्या, तर ५.७६चे ५७.६ होतील, धूम्रपानाचा धोका मात्र तितकाच राहील. शिवाय संबंध योगायोगाचा नाही, एवढेच ही चाचणी सांगते. कारण कोण, याबाबत ती गप्प असते.

नेमके यावरच बोट ठेवले रोनाल्ड फिशर यांनी. काय-वर्ग चाचणीच्या वापरातली एक मोठी चूक १९२२ साली त्यांनीच दुरुस्त केली होती. त्यांचे म्हणणे असे, की धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती या दोन्ही एकाच आनुवंशिक घटकातून येत असतील. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते. पण आक्षेप तर्काला धरून होता. त्याला उत्तर आणखी एका चाचणीतून मिळणार नव्हते.

ते मिळाले वाट पाहण्यातून. डॉल आणि हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या सवयी नोंदवून घेतल्या आणि पुढे कोण कशाने दगावते ते वर्षानुवर्षे पाहिले. जितक्या सिगारेटी जास्त, तितके या कर्करोगाचे मृत्यू जास्त. आणि सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी होत गेला. सिगारेट सोडल्याने आनुवंशिकता थोडीच बदलते?

आपल्याकडे प्रश्न विडीचा आणि चघळायच्या तंबाखूचाही होता. मुंबईत संघवी, राव आणि खानोलकर यांनी रुग्ण आणि इतरांची अशीच तुलना तोंडाच्या व घशाच्या कर्करोगासाठी केली. तिचे निष्कर्ष १९५५ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले होते.