उरलेल्या पत्र्यापासून धातुकामाची सुरुवात

उलव्यात नव्या इमारतींमुळे ग्रिल-रेलिंगवाल्यांची दुकानं भरपूर आहेत. परवा एका दुकानाबाहेर कापून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग दिसला. मालकांनी किलोच्या भावात दिल्या. शिकायला यापेक्षा चांगला माल नाही! मोठा पत्रा हवा असेल तर कळंबोलीचा लोखंड बाजार फार लांब नाही.

आधी चुंबक लावून बघा. साधा पत्रा घट्ट चिकटतो. ३०४ स्टेनलेस (साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) जवळपास चिकटत नाही, वाकवलेल्या जागी मात्र थोडा ओढतो.

पहिलं काम म्हणून भिंतीचा हुक करा. १८ गेजची, म्हणजे साधारण १.२ मिमी जाडीची पट्टी घ्या. भोकं आधी पाडा, मग व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवा. कडा कानशीने मोडल्याशिवाय हात लावू नका, पत्रा सुरीसारखा कापतो.

स्टेनलेसला ड्रिल करताना वेग कमी, दाब सलग आणि तेलाचे थेंब. बिट नुसतं घासत राहिलं की ती जागा कडक होते आणि बिट जातं. साध्या लोखंडाला वापरलेली डिस्क किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसला लावू नका. लोखंडाचे कण रुततात, मग तिथेच गंज दिसतो.

खाडीच्या दमट हवेत साध्या पत्र्याला प्रायमर हवाच.

गॅल्व्हनाइज्ड तुकडा वेल्डिंगला घेऊ नका, जस्ताचा धूर बाधतो. ग्राइंडर चालवताना गॉगल कायम.

तुमच्याकडे कुठले तुकडे पडलेत? फोटो टाका, काय करता येईल ते सांगतो.